टेरारियात साफ केलेलं क्रिमसन परत परत येतंय? फवारणीआधी गळती शोधा

‘ड्रायड चार टक्के म्हणाली, म्हणून काल रात्री फवारत बसलो. आज परत सहा दाखवतेय.’ टेरारिया हा खोदकाम-लढाईचा गेम खेळणाऱ्या आमच्या नाशिकच्या टोळक्यात कुणाचंही वर्ल्ड हार्डमोडला, म्हणजे वॉल ऑफ फ्लेश हा बॉस मेल्यानंतरच्या अवघड टप्प्याला गेलं की हा मेसेज ठरलेला. (ड्रायड म्हणजे वर्ल्ड किती टक्के बाधित आहे ते सांगणारं गेममधलं पात्र.) आणि त्याखालचं उत्तरही ठरलेलं: अजून सोल्युशन (फवारायचं द्रव) घे, अजून फवार. मला हा सल्ला पटत नाही. क्रिमसन, म्हणजे आजूबाजूचे ब्लॉक बाधित करत पसरणारा दुष्ट प्रदेश (किंवा करप्शन, तुमच्या वर्ल्डच्या नशिबी जे आलं असेल ते), परत येतं ते फवारणी कमी पडली म्हणून क्वचितच. कुठेतरी वाट उघडी राहिलेली असते, नाहीतर ते तुमच्या नकळत नव्याने पेरलं गेलेलं असतं. ती वाट तशीच ठेवून कितीही फवारा, पैसे पाण्यात.

पुढचं सगळं 1.4.4 आवृत्ती धरून लिहितोय, म्हणजे सप्टेंबर 2022 मध्ये आलेली. फोनवर किंवा जुन्या कन्सोलवर त्याआधीची आवृत्ती असेल तर जंगलाच्या बाबतीत फरक पडतो, तो त्या जागी सांगतो.

आधी बघा, खरंच परत आलंय का

निम्म्या तक्रारी इथेच निकालात निघतात.

नकाशावर लाल डाग दिसतोय, एवढ्यावरून काही ठरवू नका. टेरारियाचा नकाशा त्या जागेची आत्ताची स्थिती दाखवत नाही, तुम्ही ती जागा शेवटची उजेडात पाहिली तेव्हाची दाखवतो. फवारा खडकातून आरपार जातो, पण आतला भाग काळोखातच असतो. त्यामुळे दगड साफ झालेला असतो आणि नकाशा मात्र जुनंच चित्र घेऊन बसलेला असतो. शिवाय प्रत्येक खेळाडूचा नकाशा वेगळा. ओझरचा मित्र म्हणतो ‘डेझर्टखाली अजून लाल आहे’, सिडकोतला म्हणतो ‘मी स्वतः साफ केलंय’, आणि दोघंही आपापल्या नकाशाप्रमाणे खरं बोलत असतात. भांडण मिटवायचं तर बायोम साइट पोशन पिऊन प्रत्यक्ष जाऊन यायचं. ते प्यायल्यावर बाधित ब्लॉक अंधारातही चमकतात. 1.4.4 मधली ही सगळ्यात कामाची भर, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी.

ड्रायडचा आकडाही लगेच बदलत नाही. गेम सगळं वर्ल्ड एका दमात मोजत नाही, थोडं थोडं करत मोजतो. फवारून झाल्या झाल्या तिच्याकडे धावत गेलात तर जुनाच आकडा ऐकायला मिळेल. जरा इतर कामं करा, मग विचारा.

तिसरी गोष्ट आपल्याकडची खास: लाइट जाणं. मल्टिप्लेअरमध्ये वर्ल्डची फाइल होस्टच्या मशीनवर असते आणि कॅरेक्टर ज्याच्या त्याच्या मशीनवर. समजा गंगापूर रोडवरच्या होस्टकडे संध्याकाळी वाऱ्यापावसात लाइट गेली आणि शेवटचा ऑटोसेव्ह बराच आधीचा होता. मग वर्ल्ड त्या जुन्या क्षणाला परत जातं, पण तुमच्या बॅगेतलं सोल्युशन मात्र संपलेलंच राहतं. परत लॉगिन केल्यावर वाटतं, अरे, एवढं सगळं एका रात्रीत पसरलं? पसरलेलं काहीच नसतं, तुमची मेहनत सेव्ह झालेली नसते. वेगळा सर्व्हर चालवत असाल तर मोठी सफाई झाली की त्याच्या खिडकीत ‘सेव्ह’ची कमांड द्यायची सवय लावा. ‘होस्ट अँड प्ले’ करत असाल तर होस्टने मधेच एकदा नीट बाहेर पडून परत यावं. इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही, पण आमच्या ग्रुपमध्ये होस्ट नेहमी तोच होतो ज्याच्याकडे इन्व्हर्टर नाही.

ते पसरतं कसं

हार्डमोडच्या आधी काळजीचं फारसं कारण नसतं. तेव्हा गवत पसरतं, काटेरी झुडपं वाढतात, बाकी दगड-वाळू जागच्या जागी राहतात. वॉल ऑफ फ्लेश मेली की मात्र पाताळापासून जमिनीपर्यंत दोन तिरके पट्टे उमटतात, एक तुमच्या वर्ल्डच्या दुष्ट बायोमचा (प्रदेशाचा) आणि एक हॅलो या तसाच पसरणाऱ्या दुसऱ्या बायोमचा. आणि त्या क्षणापासून दगड, वाळू, कडक वाळू, वाळूचा खडक, बर्फाची लादी, सगळ्यातून ते पसरायला लागतं.

पसरण्याचा नियम साधा आहे. बाधित ब्लॉक स्वतःपासून कुठल्याही दिशेला तीन ब्लॉकांच्या आतला एखादा बदलण्याजोगा ब्लॉक गाठतो. मधे हवा असो, पाणी असो, लाव्हा असो, त्याला फरक पडत नाही. तीन म्हणजे तीन, चौथा सुरक्षित. काय बदलत नाही तेही लक्षात ठेवा: नुसती माती, नुसता चिखल, चिकणमाती, लाकूड, विटा, राख आणि स्नो ब्लॉक. शेवटचं बऱ्याच जणांना माहीत नसतं. बर्फाळ प्रदेशात लादीचा बर्फ बाधित होतो, भुसभुशीत स्नो नाही.

मातीबाबत एक मेख आहे. माती स्वतः बदलत नाही, पण तिला हवा लागली की वर गवत उगवतं आणि गवत बदलतं. म्हणून जमिनीच्या वर मातीचा बांध घालून ‘अडवलं’ म्हणणारे फसतात.

चर खणलाय, तरी पलीकडे गेलं

बहुतेकांनी उभा चर खणलेलाच असतो, म्हणजे वरपासून पाताळापर्यंतचा हेलेव्हेटर. आणि तरी गळती होते. अशा वेळी मी चरात वरून खालपर्यंत एकदा सावकाश उतरतो. फेदरफॉल पोशन पिऊन, हातात टॉर्च घेऊन, दोन्ही बाजू बघत. गळती जवळपास नेहमीच डोळ्यांना दिसते.

पहिली जागा म्हणजे सगळ्यात वर. कुणीतरी चर ओलांडायला पूल टाकलेला असतो आणि हाताला लागला म्हणून दगडाचा. आमच्या वर्ल्डमध्ये एका पठ्ठ्याने घाईत मोजून एक ओळ दगड टाकली होती, घोड्यावरून सुसाट जाता यावं म्हणून. त्या एका ओळीवरून क्रिमसन आरामात पलीकडे चालत गेलं. पूल हवाच असेल तर लाकडी प्लॅटफॉर्म किंवा मिनकार्टचा रूळ टाका. दोन्ही बाधित होत नाहीत.

दुसरी जागा काटे. चर अगदी तीन-चार ब्लॉकांचाच असेल तर बाधित बाजूचे काटे मोकळ्या जागेत वाढत येतात, आणि हार्डमोडमध्ये ते काटेसुद्धा पसरवायचं काम करतात. म्हणजे तुमचा तीन ब्लॉकांचा हिशेब काट्याच्या टोकापासून सुरू होतो. म्हणून नियमाने तीन पुरत असले तरी मी सहा सोडतो. खणायचे कष्ट थोडे जास्त, पण परत फिरकावं लागत नाही.

तिसरी जागा डेझर्ट. इथे हवेचा चर टिकतच नाही. वाळू ढासळते, चरात साचते आणि बुजलेल्या चरातून प्रवास चालू. डेझर्टमधून चर नेताना खणता खणता दोन्ही बाजूंना विटांची किंवा लाकडाची भिंत बांधत जायचं. कंटाळवाणं काम आहे खरं, म्हणूनच लोक ते टाळतात आणि म्हणूनच बहुतेक वर्ल्डांमध्ये डेझर्ट सगळ्यात आधी हातचं जातं. सरळ जाड विटांची भिंतच उभी केली तरी चालतं. चर रिकामाच असला पाहिजे असं काही नाही, मधली जागा न बदलणाऱ्या ब्लॉकांची असली म्हणजे झालं.

चौथी, तळ. पाताळ दिसू लागलं की लोक खणणं थांबवतात. राखेचा थर लागेपर्यंत खाली जा. राख बाधित होत नाही, म्हणून तिथे चर आपोआप बंद होतो. पण राखेच्या वर दगडाचा पातळ पापुद्रा राहिला असेल तर तोच पूल होतो.

चर शाबूत, तरी आतल्या भागात नवा ठिपका

हा प्रकार सगळ्यात जास्त चक्रावतो. सगळीकडून बंदिस्त केलेल्या खडकाच्या मधोमध, कुठूनही वाट नसलेल्या जागी, लाल दगडाचा गोळा सापडतो. लोक म्हणतात, गेममध्ये बग आहे.

बग नाही, वेद्या आहेत. कोबाल्ट, मिथ्रिल, अडमँटाइट मिळावं म्हणून आपण प्वनहॅमरने क्रिमसनच्या (किंवा करप्शनच्या) वेद्या फोडतो. प्रत्येक फोडीबरोबर जमिनीखाली कुठेतरी एखादा दगड बाधित होण्याची शक्यता असते, कधी दुष्ट बायोमचा, कधी हॅलोचा, कधी काहीच नाही. तो एक दगड पुढे त्याच तीन ब्लॉकांच्या नियमाने वाढत जातो, आणि तुमच्या लक्षात येतो तेव्हा त्याचा मोठा डाग झालेला असतो. दिसेल ती वेदी फोडत सुटणारा गडी ग्रुपमध्ये असेल तर हे डाग उगवतच राहणार, तुम्ही किती का फवारा.

धातू पुरेसा मिळाला की वेद्या फोडणं बंद करा, एवढंच. हार्डमोडमध्ये गळ टाकून मिळणाऱ्या क्रेटमधूनही हे धातू निघतात. रविवारी मिसळ खाऊन सुस्त पडायचं आणि तळ्याकाठी क्रेट काढायचे, हा आमच्याकडचा सर्वमान्य दिनक्रम आहे. त्यामुळे वेदीला फार हात लावावाच लागत नाही.

ठिपक्यांचं दुसरं कारण घरचंच असतं. सोल्स ऑफ नाइट हे साहित्य किंवा मिमिक हे राक्षस मिळावेत म्हणून कुणीतरी कृत्रिम क्रिमसन उभारलेलं असतं, आणि ते साध्या दगडाच्या गुहेत. भोवती सहा ब्लॉक हवा किंवा विटा ठेवल्या असतील तर हरकत नाही, नाहीतर तेच तुमच्या गळतीचं मूळ. फार्मवर कॅरेक्टर उभं करून रात्रभर गेम चालू ठेवून झोपणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की तुम्ही झोपलात तरी वर्ल्ड चालू असतं आणि पसरणंही.

सगळं नको वाचवायला

आमच्यातला एक जण निफाडचा, घरची द्राक्षबाग. तो म्हणतो, ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस येणार असं दिसलं की डावणीची फवारणी आधी करायची. पानावर डाग दिसल्यावर पंप उचलणारा कायम रोगाच्या मागेच धावत राहतो. टेरारियातही तेच चालतं. वॉल ऑफ फ्लेशला हात लावण्याआधी काय वाचवायचं ते ठरवा आणि तेवढ्यालाच कुंपण घाला.

माझ्या मते दोनच गोष्टी वाचवण्याजोग्या आहेत: जंगल आणि गाव.

जंगल यासाठी की प्लँटेरा या बॉसचे कोंब जमिनीखालच्या जंगलातच उगवतात, क्लोरोफाइट हा धातूही तिथेच मिळतो. हॅलो जंगलाच्या गवताला हात लावत नाही, पण क्रिमसन आणि करप्शन लावतात. 1.4.4 पासून बाधित जंगलाचं वेगळं गवत असतं, त्याखालचा चिखल तसाच राहतो आणि फवारल्यावर जंगल परत मिळतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत चिखलाची माती व्हायची आणि गेलेलं जंगल फवारून परत यायचं नाही. जुन्या फोनवर खेळणाऱ्यांनी म्हणून इथे अजिबात चालढकल करू नये. जंगल कुठे आहे हे शोधायला वेळ लागत नाही, ते नेहमी डंजनच्या विरुद्ध बाजूला असतं. दोन्ही कडांना दोन चर खणले की काम झालं. क्लोरोफाइट दाट असलेला भाग स्वतःचा थोडाफार बचाव स्वतःही करतो, त्यामुळे तिथलं सगळं धातू ओरबाडू नका.

गाव यासाठी की घराच्या आसपास क्रिमसन फार झालं तर ते घर राहण्यालायक राहत नाही आणि माणसं निघून जातात. हॅलोमुळे माणसं जात नाहीत, पण पायलॉन (एका जागेवरून दुसऱ्या जागी झटकन नेणारा खांब) बंद पडतो. फॉरेस्ट पायलॉन चालू राहायला भोवती साधं रान लागतं. ‘काल चालत होता, आज जात नाही’ अशी तक्रार असेल तर आधी पायाखालचं गवत निळसर झालंय का ते बघा. हॅलो बायोम धरायला आसपास 125 ब्लॉक पुरतात, क्रिमसनला 300 लागतात, त्यामुळे हॅलोचा पायलॉनला फटका लवकर बसतो. गावाच्या दोन्ही टोकांना आणि खाली विटांचा एक आडवा थर द्या. सूर्यफुलांची रांग दिसायला छान, पण ती फक्त स्वतःच्या बुडाखालचे ब्लॉक वाचवते. तिच्या भरवशावर बसू नका.

बाकी डेझर्ट, बर्फ, समुद्रकिनारा जातोय तर जाऊ दे. नंतर बघता येतं.

फवारणी कधी आणि कशी

क्लेंटामिनेटर, म्हणजे सोल्युशन फवारायचा पंप, स्टीमपंकर ही विक्रेती विकते आणि ती एखादा मेकॅनिकल बॉस मेल्यावरच गावात राहायला येते. तोवर हाताशी ड्रायडची प्युरिफिकेशन पावडर असते. 75 कॉपरला एक, स्वस्तात मस्त, पण पल्ला अगदी कमी आणि हॅलोवर तिचा उपयोग नाही. चराच्या कडेला एखादा पलीकडे गेलेला ठिपका मारायला ती बरी. अख्खा डोंगर तिने साफ करायला निघालेले लोक मी पाहिलेत. पहिल्या संध्याकाळनंतर ते दुसराच गेम खेळताना दिसतात.

‘स्टीमपंकरकडे हिरवं (साफ करणारं) सोल्युशनच नाही’ हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. तुम्ही उभे आहात ती जागा हॅलोत असेल तर ती निळं विकते, ब्लड मून किंवा ग्रहण चालू असेल तर लाल किंवा जांभळं. हॅलोच्या बाहेर, साध्या दिवशी जा, हिरवं मिळेल. घाईत निळं उचलून कामाला लागू नका. निळ्याने क्रिमसन जातं खरं, पण त्याजागी हॅलो येतं आणि तेही पसरतंच.

फवारा साठेक ब्लॉकांपर्यंत पोहोचतो आणि भिंत-दगड काही आडवं आलं तरी थांबत नाही. म्हणून बाधित भागात दर शंभरेक ब्लॉकांवर एक उभा चर पाडायचा आणि फेदरफॉल पिऊन सावकाश खाली उतरताना दोन्ही बाजूंना आडवं फवारत जायचं. दोन चरांचे फवारे मधे एकमेकांवर येतात, त्यामुळे पट्टा सुटत नाही. नुसतं गुहांमधून फिरत वाटेल तसं फवारणाऱ्यांचे कोपरे हमखास राहतात आणि राहिलेल्या कोपऱ्यातून ते परत सुरू होतं.

घाई नसेल तर मोठी सफाई प्लँटेरानंतरच काढा. ती मेली की पसरण्याचा वेग निम्म्यावर येतो. त्याआधी कुंपण सांभाळायचं आणि बॉस मारायचे, हाच क्रम मला शहाणपणाचा वाटतो. मून लॉर्ड हा शेवटचा बॉस मेल्यावर क्लेंटामिनेटर शिमर या द्रवात टाकून टेराफॉर्मर मिळतो. त्याने काम अजून झपाट्याने होतं, पण तोवर बहुतेकांचं वर्ल्ड संपत आलेलं असतं.

शेवटचा एक टक्का

ड्रायड ‘एक टक्का’वर अडून बसली असेल तर तिचा हिशेब लक्षात घ्या. पूर्णांक सोडून ती बोलत नाही, आणि एक ब्लॉक जरी शिल्लक असला तरी शून्य न म्हणता एक म्हणते. मध्यम वर्ल्ड 6400 बाय 1800 चं, म्हणजे सुमारे एक कोटी पंधरा लाख चौकटी. त्यात तिचा एक टक्का म्हणजे लाखभर ब्लॉक असू शकतात, नाहीतर एखाद्या गुहेच्या छतातला एकुलता एक दगड.

तो शोधायचाच असेल तर बायोम साइट पिऊन ठरावीक जागा आधी बघा: फोडलेल्या वेद्यांच्या वर्ल्डमध्ये खोल खडक, डेझर्टच्या तळाचा वाळूचा खडक, बर्फाळ भागातल्या लाद्या, समुद्राखालची वाळू आणि जुन्या फार्मचे अवशेष. कपाटात ठेवलेले ब्लॉक मोजले जात नाहीत, त्यामुळे पेट्या उपसू नका. ‘या वर्ल्डला कसलीच बाधा नाही’ हे ड्रायडच्या तोंडून ऐकायची हौस असेल तर हे सगळं करा. खेळाला त्याची गरज नाही. एक टक्का चरांच्या आत कोंडलेला असेल तर तो तिथेच राहतो.

आणि ही सगळी उस्तवारच नको असेल तर पुढचं वर्ल्ड जर्नी मोडमध्ये घ्या. तिथे मेनूत पसरणं बंद करायचं बटणच आहे. फक्त जर्नीच्या वर्ल्डमध्ये जर्नीचंच कॅरेक्टर चालतं, म्हणून ग्रुपमधल्या प्रत्येकाला आधी विचारा. आमच्याकडे सातपूरवाला अजून तयार नाही.